आधी पट सांगा, मग निकाल



ऑगस्ट २०२२ मधल्या दोन घटना सांगतो. त्या महिन्याच्या अखेरीस दिल्ली सरकारनं देशातली पहिली व्हर्च्युअल शाळा सुरू केल्याची घोषणा केली. नववीपासून बारावीपर्यंत, सगळे तास ऑनलाइन, देशातल्या कुठल्याही मुलाला प्रवेश. त्यावर केंद्राच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेनं, म्हणजे आपल्या तोंडी बसलेल्या एनआयओएसनं, लगेच खुलासा केला, की आमची व्हर्च्युअल शाळा २०२१ च्या ऑगस्टमध्येच सुरू झाली आहे. पहिलं कोण, यावर दोन-चार दिवस वर्तमानपत्रं रंगली.

त्याच महिन्यात आपल्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. बायकांनी ठराव उचलून धरला. सुरुवातीला आशाताई आणि अंगणवाडीताई दारोदार फिरून आठवण करून देत होत्या. लॉकडाऊनमध्ये शाळेच्या निमित्तानं मुलांच्या हातात गेलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, ही तिथल्या शिक्षकांची आणि आयांची तक्रार होती.

देशाची राजधानी शाळा फोनमध्ये घालत होती, आणि यशवंतराव चव्हाणांच्या देवराष्ट्रे गावाच्याच तालुक्यातलं एक खेडं अभ्यासासाठी फोन बंद करत होतं. यातलं एक शहाणं आणि दुसरं खुळं, असं मी म्हणणार नाही. दोघांसमोरची मुलं वेगळी होती, एवढंच. आणि मला आज बोलायचंय ते त्या मुलांबद्दल. शाळेचा निकाल सांगणाऱ्याला आधी पट विचारावा, ही सवय मला सांगली-सातारा या जिल्ह्यांनी लावली.

संयोजकांपैकी एक जण मला हसून म्हणाले होते, 'सर, कर्मवीर अण्णांच्या व्याख्यानमालेत मोबाईलवर बोलणार?' हो. कारण पट हा अण्णांचाच विषय होता. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत हा माणूस खेडोपाडी फिरला, आणि शाळेत कोण नाही हे त्यानं फिरता फिरता पाहिलं. ४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागही साताऱ्यातच होता; दक्षिण सातारा वेगळा झाला तो १९४९ मध्ये, आणि त्याचं सांगली हे नाव १९६० चं. ऐतवडे बुद्रुकच्या या माणसापुढे तेव्हा दोन जिल्हे नव्हतेच, एकच मुलूख होता. त्यानं जी पोरं गोळा केली त्यांचा निकाल किती लागेल, हे आधी विचारलं असतं तर एकही बोर्डिंग निघालं नसतं.

आता जगाकडे बघू, पण थोडक्यात. अमेरिकेत हा प्रयोग आपल्यापेक्षा बराच जुना आहे. फ्लोरिडाची सरकारी व्हर्च्युअल शाळा १९९७ ची. पुढे ऑनलाइन चार्टर शाळा आल्या. चार्टर म्हणजे पैसा सरकारचा, व्यवस्थापन दुसऱ्याचं. आपल्या अनुदानित शाळांच्या जवळ जाणारा प्रकार. २०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या संशोधन केंद्रानं या शाळांचा अभ्यास केला. त्यांची पद्धत मला महत्त्वाची वाटते. त्यांनी सरसकट टक्केवारी लावली नाही. ऑनलाइन शाळेतल्या प्रत्येक मुलाला त्याच्यासारख्याच परिस्थितीतला, आधीचे गुण तेवढेच असलेला नेहमीच्या शाळेतला जोडीदार शोधला आणि मग तुलना केली. उत्तर आलं: वाचनात ७२ दिवसांची तूट, गणितात १८० दिवसांची. तिकडे शाळेचं वर्षच साधारण १८० दिवसांचं असतं. म्हणजे गणितापुरतं मूल वर्षभर शाळेत गेलंच नाही, असं समजा.

ओहायो राज्यातली 'इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो' ही अशीच एक प्रचंड शाळा होती, २००० साली निघालेली. पटावर हजारो मुलं, आणि पटानुसार सरकारी पैसा. सरकारनं एक दिवस विचारलं, की मुलं लॉगिन किती तास करतात ते दाखवा. दाखवता येईना. पैसे परत करण्याचा आदेश निघाला आणि जानेवारी २०१८ मध्ये, वर्षाच्या मध्यावर, शाळेला टाळं लागलं. ही गोष्ट ऐकून आपण फार आश्चर्य करू नये. ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी इथल्या पुष्कळांना आठवत असेल. तीन दिवस राज्यभर पोरं मोजली गेली, आणि कॅटलॉगमध्ये हजर असलेली किती पोरं बाकावर सापडली नाहीत, तेही आठवत असेल. विटांच्या शाळेत जे जमलं ते पडद्यावर जमायला कितीसा वेळ लागतो?

पण दूरची शाळा चाललेलीही आहे. ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्ज इथे १९५१ पासून रेडिओवरची शाळा भरते. आता ती इंटरनेटवर आली आहे. शेजारचं घर पन्नास-शंभर किलोमीटरवर, अशा गुरांच्या कुरणांवर राहणारी मुलं. ती शाळा टिकली याचं श्रेय यंत्राला देतात, पण तिच्या रचनेत पहिल्यापासून एक माणूस आहे: घरी मुलाशेजारी बसणारं मोठं माणूस. बहुतेक घरांत आई, काही ठिकाणी पगारी बाई. मुलानं वही उघडली का, कंटाळलं का, चुकीचं पान काढून बसलंय का, हे बघायला कोणीतरी आहे. रेडिओ फक्त आवाज पोचवतो.

हे लक्षात ठेवून आपल्या लॉकडाऊनकडे बघा. २०२१ च्या 'असर' सर्वेक्षणात देशभरातल्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन निघाला. सरकारी अहवालात एवढाच आकडा टाकला तर छान दिसतो. पण ज्यांच्या घरी फोन होता त्यांतल्या चौथ्या हिश्शाहून जास्त मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता. माणदेशात किंवा जतच्या पूर्व भागात हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. फोन बापाचा, आणि बाप फोनसकट ट्रॅक्टरवर. आईच्या फोनचा रिचार्ज संपलेला. थोरल्या भावाचा पहिला हक्क. धाकटी बहीण आठवीत. तिची पाळी रात्री, तेव्हा बॅटरी पाच टक्के. रेंजसाठी टेकावर जाऊन बसलेली पोरं सगळ्यांनी फोटोत पाहिली. त्या फोटोत मुली फारशा नसायच्या, हे मात्र कुणी बोललं नाही. तिन्हीसांजेला मुलीला माळावर कोण पाठवणार?

आणि निकाल? दहावीचा राज्याचा निकाल २०२० मध्ये ९५.३० टक्के होता. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही. नववीचे ५०, दहावीच्या अंतर्गत लेखीचे ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असं सूत्र लावलं आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. आपल्या शिक्षणाच्या इतिहासात मुलं सगळ्यात कमी शिकली त्या वर्षी सगळ्यात जास्त पास झाली. २०२२ मध्ये पाव अभ्यासक्रम कमी, वेळ जास्त, केंद्र बहुतेकांना आपल्याच शाळेत, निकाल ९६.९४. २०२३ मध्ये परीक्षा पूर्वपदावर आली आणि निकाल ९३.८३ वर उतरला. त्या खाली आलेल्या आकड्यावर अग्रलेख लिहिले गेले. वर गेलेल्या आकड्यावर लिहायला हवे होते.

मुलांनी गुन्हा केला नव्हता, हे मला स्पष्ट करू द्या. गुणपत्रिका त्यांना मिळायलाच हवी होती. तक्रार आकड्याची भक्ती करणाऱ्या आपल्यासारख्यांबद्दल आहे. आमच्या कोल्हापूर विभागाला, म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांना, कोकणापाठोपाठ वरच्या क्रमांकावर राहायची सवय लागली आहे, आणि तिचा आम्हाला अभिमानही फार. त्या निकालात नसलेल्या मुलांचा फलक कुठल्या शाळेबाहेर लागत नाही.

ती मुलं कुठे भेटतात? सतरा नंबरच्या खिडकीवर.

नव्या पिढीसाठी सांगतो: शाळा सुटलेल्या माणसाला दहावी-बारावीला खाजगीरीत्या बसता येतं, त्यासाठीचा हा बोर्डाचा अर्ज. आता तो ऑनलाइन भरतात, पण नाव सतरा नंबरच राहिलं. मी ज्या हायस्कुलात नोकरी केली ते दुष्काळी पट्ट्यातलं, आणि संपर्क केंद्र आमच्याकडे असायचं. अर्जांचे दिवस आले की मी मुद्दाम ऑफिसात बसून राहायचो. क्लार्क अर्ज बघायचा, मी माणसं बघायचो.

एकदा एक सासू सुनेला घेऊन आली. सून संकोचून दाराशी उभी, सासू पुढे होऊन बोलतेय. 'हिला बारावी करायचीय सर. अंगणवाडीत मदतनीसाची जागा निघणारंय, बारावीची अट हाय.' मी विचारलं, शाळा कधी सोडली? सून काही बोलायच्या आत सासू म्हणाली, 'आमीच लगीन लावून सोडवली, आता आमीच घालतोय.' यात लाज नव्हती, फुशारकीही नव्हती. पुढे म्हणाली, 'पोराला मी बघंन. पुस्तकं तेवढी मराठीत द्या.' ती सून बारावी झाली की नाही, हे सासू शेजारी किती टिकली यावर अवलंबून होतं, फोनवर नव्हे.

त्याच खिडकीवर तालमीतली पोरं यायची, कान मोडलेली, मान खांद्यात रुतलेली. भरती अकादमीतली पोरं यायची. पहाटे पाचला ग्राउंड, दुपारी लेखीचा सराव, संध्याकाळी पुन्हा ग्राउंड, शाळेला वेळ कुठला? खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरपासून ललिता बाबरच्या मोहीपर्यंतचा हा मुलूख खेळाला मुलं देतो, आणि दहावी-बारावीचा मेळ कसा घालायचा हे घरच्यांवर सोडतो.

खानापूर-आटपाडीची गलाईवाल्यांची मुलं हा तर वेगळाच प्रकार. सोनं-चांदी गाळणारी ही माणसं विट्याहून निघून तमिळनाडू, केरळ, बंगाल, पंजाब, जिथे सराफकट्टा असेल तिथे पोचली. मूल सातवीपर्यंत तमिळ शाळेत, मग आजी आजारी म्हणून दोन वर्षं गावी, मग पुन्हा तिकडे. तीन लिप्या येतात आणि दाखल्यावर एकही वर्ग धड नाही. घरात पैसा आहे, फोन आहेत, वायफाय आहे. ऑनलाइन शाळा खरंतर या मुलांसाठीच आहे, आणि यांचा निकाल चांगलाही लागेल.

आणि मग ऊसतोडीचं पोर. बीडच्या टोळ्या आपल्याकडे येतात हे सगळ्यांना दिसतं. जत, आटपाडी, माण इथूनही कोयते बाहेर पडतात. दिवाळीच्या आसपास निघायचं, पट्टा पडला की परतायचं. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे हंगाम संपता संपता. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला तो ६ ते १४ वयोगटासाठी. त्याआधी साखरशाळा होत्या, पुढे हंगामी वसतिगृहं आली, त्यांचं बरंवाईट आपण जाणतो. पण पोर चौदा वर्षांचं झालं की कायद्याचा हात सुटतो. आणि एनआयओएसच्या दहावीचं किमान वय आहे चौदा. सरकार हात सोडतं त्याच फाट्यावर मुक्त शाळेची पाटी आहे. तिथे उभं राहणारं पोर हौसेनं आलेलं नसतं.

आता सांगा, खाजगीरीत्या बसणाऱ्यांचा निकाल कमी लागतो याचं नवल ते काय? २०२४ मध्ये दहावीचे नियमित विद्यार्थी ९५.८१ टक्के पास झाले, खाजगी विद्यार्थी ८० टक्क्यांच्या आसपास, रिपीटर निम्म्याच्या आसपास. एनआयओएसच्या परीक्षांत तर अनेकदा निम्म्यांहूनही कमी मुलं प्रमाणपत्रापर्यंत पोचलेली दिसतात. आमच्या शिक्षकखोलीत यावर शेरा ठरलेला असायचा: 'ओपनला काय, दर्जाच नाही.'

हा शेरा मारणाऱ्यांनी तिथले नियम वाचलेले नसतात. एनआयओएसमध्ये पाच विषय पास व्हायचे, पण एकदम व्हायलाच हवेत असं नाही. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात नऊ संधी. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोन परीक्षा, शिवाय मागाल तेव्हा परीक्षेचीही सोय. दुसऱ्या बोर्डात दोन विषय सुटले असतील तर त्यांचे गुण इथे धरतात. दहावी मराठी माध्यमातून करता येते. समजा ऊसतोडीच्या घरातल्या मुलीनं ठरवलं, की या ऑक्टोबरला मराठी आणि गृहविज्ञान, पुढल्या ऑक्टोबरला आणखी दोन. तिचा हा बेत शहाणपणाचा आहे. पण त्या वर्षीच्या प्रमाणपत्रांच्या टक्केवारीत ती मोजली जाते 'न पोचलेली' म्हणून. जमिनीला वाफसा येईल तसं पेरणाऱ्या शेतकऱ्याला तारखेवरून नापास करण्यातला हा प्रकार.

म्हणून माझं म्हणणं, की मुक्त आणि ऑनलाइन शाळांनी एका टक्केवारीऐवजी वेगळा हिशेब छापावा. नाव किती जणांनी नोंदवलं, त्यांतले परीक्षेच्या बाकावर किती आले, विषय किती सुटले, आणि पाच वर्षांच्या शेवटी प्रमाणपत्र किती जणांच्या हातात पडलं. सोबत पटाची फोड: मुली किती, लग्न झालेल्या किती, कामावर जाणारी किती, स्थलांतरित घरातली किती, अपंग किती, आणि खेळासाठी किंवा नीट-जेईईच्या तयारीसाठी शाळा टाळणारी किती. हा शेवटचा गट वाढतोय. तो निकाल वर ओढणार आणि खालच्यांना झाकणार. गलाईवाल्याचं पोर आणि ऊसतोडीचं पोर एकाच टक्केवारीत घातलं की दोघांबद्दलही काही कळत नाही.

राज्यालाही आपलं महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे; पाचवी, आठवी, दहावी, बारावी या चार पायऱ्यांवर तिथे परीक्षा देता येते. आपल्या भागात किती मुख्याध्यापकांनी एखाद्या शाळाबाह्य पोराच्या घरी जाऊन हे सांगितलं असेल? मी स्वतः नोकरीत असताना सतरा नंबर सांगत आलो, कारण तो तोंडपाठ होता. पुढच्या शिक्षणाची वाट तर मोकळीच आहे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाला १९८९ मध्ये यशवंतरावांचं नाव दिलं गेलं. रोपवाटिकेत काम करणारी बाई तिथून पदवीधर होते, आणि वेशीवरच्या फ्लेक्सवर तिचा फोटो लागतो. हायस्कूलच्या पायरीवर मात्र आपण अडखळतो.

आता अण्णांकडे परत येतो. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवली हे आपण दर वर्षी सांगतो. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिलं, हेही सांगतो. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, मोफत, निवासी, 'कमवा आणि शिका' या तत्त्वावरचं. त्यातला शिक्षणशास्त्राचा भाग आपण कमी सांगतो. खेड्यातल्या घरी मुलाशेजारी बसायला शिकलेलं माणूस नव्हतं, म्हणून त्यांनी मुलाला माणसाजवळ आणलं. ॲलिस स्प्रिंग्जच्या कुरणावर माणूस घरात होतं, म्हणून तिथे शाळा घरी पाठवता आली. जतच्या वस्तीवर नुसती शाळा पाठवली तर ती त्या फोनमध्येच पडून राहील. अमेरिकेत श्रीमंत सरकारांच्या पैशानं तशी ती पडून राहिलेली आहे.

यावर माझ्या एका तरुण मित्राचा आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. तो म्हणतो, सर, तुम्ही बोर्डिंगच्या काळातले. आजची सून बोर्डिंगात कशी राहणार? नाही राहणार. पण मोहित्यांचे वडगावनं वाट दाखवलीच आहे. संध्याकाळचे दीड तास गावानं ठरवून मोकळे केले. तेवढेच दीड तास केंद्रशाळेची एक खोली उघडी ठेवा. तिथे चांगली रेंज, चार टॅबलेट, एनआयओएसची आणि राज्य मंडळाची पुस्तकं. ऑनलाइन तास ज्याला बघायचा त्यानं तिथे बसून बघावा. म्हसवडसारख्या गावात बायकांसाठी चालवलेलं माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. परीक्षेच्या तारखा, अर्जाची मुदत तिथून सांगता येईल. हे सगळं स्वस्तातलं आहे.

महाग आहे ती त्या खोलीतल्या खुर्चीवर बसणारी व्यक्ती. विषय शिकवणारी नसली तरी चालेल. तास बघितला का विचारणारी, गृहपाठ पाठवून घेणारी, दोन दिवस आली नाही तर घरी जाऊन बघणारी हवी. एनआयओएसमध्ये वीस टक्के गुण गृहपाठाचे असतात, आणि नुसतं विचारणारं कोणी नाही म्हणून पोरं ते गुण सोडून देतात. अशी माणसं शोधायला लांब जायला नको. आपल्या प्रत्येक गावात डी.एड. होऊन शिक्षकभरतीची वाट बघत वय उलटलेल्या लेकी-सुना आहेत. त्यांना महिन्याला किती मानधन द्यायचं आणि ते सेसमधून बसवायचं की जिल्हा नियोजनातून, हे आजच्या अध्यक्षांनी सांगावं. जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प ते माझ्यापेक्षा चांगला वाचतात, आणि माझी वेळही संपली आहे.